दफनभूमीशेजारचे नंदनवन

ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे मैदान, सेल्टिक पार्क, ‘पॅराडाइज’ म्हणजे नंदनवन या नावाने ओळखले जाते. या नावाचे मूळ शोधू गेलो, तो आम्ही थेट एका दफनभूमीपाशी येऊन पोहोचलो.

नोव्हेंबर १८८७ मध्ये शहराच्या पूर्व भागातील सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात हा क्लब स्थापन झाला. पुढाकार ब्रदर वॉल्फ्रिड यांचा. आयर्लंडहून आलेले हे मारिस्ट व्रतस्थ शाळेचे मुख्याध्यापक होते. गरीब आयरिश मजुरांच्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांना पैसा हवा होता. तो फुटबॉलच्या तिकिटांतून उभारावा, अशी त्यांची योजना. जेनफील्ड दफनभूमीलगत भाड्याची जागा मिळाली. स्वयंसेवकांनी घाम गाळून सहा महिन्यांत मैदान तयार केले आणि मे १८८८ मध्ये पहिल्याच सामन्यात सेल्टिकने रेंजर्सला ५-२ असे हरविले.

गर्दी वाढली तशी जमीनमालकाची हावही वाढली. वर्षाला ५० पौंड असलेले भाडे त्याने एकदम ४५० पौंडांवर नेले! क्लबने जवळचीच एक ओसाड वीटभट्टी निवडली. तेथे पाण्याने भरलेला प्रचंड खड्डा होता. तो बुजवायला सुमारे एक लाख गाड्या माती लागली. मार्च १८९२ मध्ये डोनेगलहून आणलेली हिरवळ मायकेल डेव्हिट यांच्या हस्ते मैदानाच्या मध्यभागी लावण्यात आली. (ती पुढे चोरीस गेली, हेही सांगितले पाहिजे.) जमीनदारांशी उभा जन्म झुंजलेल्या पुढाऱ्यालाच भाडेवाढीने हैराण झालेल्या मंडळींनी बोलवावे, यातील औचित्य आम्हांला मोठे वाटते. दफनभूमीतून नंदनवनात आल्यासारखे झाले, असे तेव्हा कोणी म्हटले आणि नाव रूढ झाले.

त्याच वर्षी ब्रदर वॉल्फ्रिड यांची लंडनला बदली झाली. मुलांच्या भोजनासाठी जाणारा पैसा आटत गेला आणि १८९७ मध्ये क्लबची मर्यादित कंपनी बनली. मैदान वाढले, पण ते ज्यांच्यासाठी उभे राहिले ती मुले हिशेबातून गळाली. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते.

याच मैदानावर १९३६ मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा सलीम, पायांना केवळ पट्ट्या बांधून, सेल्टिकतर्फे खेळला.

मार्च १९९४ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या कड्यावर असताना कॅनडात स्थायिक झालेल्या फर्गस मॅककॅन यांनी सूत्रे हाती घेतली. मैदान कॅम्बसलँगला हलविण्याचा आधीचा बेत बारगळला. एक हंगाम हॅम्पडेन पार्कवर काढून सेल्टिकची मंडळी जुन्या जागीच परतली. भागविक्रीत हजारो सामान्य पाठीराख्यांनी आपली पुंजी घातली. १९९८ पर्यंत सुमारे ६०,००० आसनांचे बांधकाम पुरे झाले. २००५ मध्ये ब्रदर वॉल्फ्रिड यांचा पुतळा मैदानाबाहेर बसविण्यात आला. उत्तरेकडील उंच प्रेक्षागारामागे जेनफील्डची दफनभूमी आजही आहे.