घोरपडीची जीभ
1825 साली ब्रिटिश अधिकारी आउट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि 1906 मध्ये जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी वाटणी झाली, हे सारे सरकारी दप्तरात नमूद आहे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी घोरपड बिळातून उकरून काढून, तिची चरबी कढवून सांधेदुखीवर चोळण्याची जी रीत पिढ्यानपिढ्या चालत आली, तिचा इतिहास मुख्यत्वे लोकांच्या तोंडीच राहिला. घोरपडीची लवलवणारी दुभंगलेली जीभ पाहून तिला विषारी ठरवणारे आजही पुष्कळ भेटतात, आणि अशा जिभेला चवीचे दुप्पट सुख मिळते असे खुद्द ॲरिस्टॉटलने मानले होते, तेव्हा एकट्या आपल्या गावकऱ्यांनाच हसण्यात अर्थ नाही.

वस्तुतः ती जीभ घासासाठी नव्हेच. घरातली पाल जिभेने डोळे पुसते, सरडा चिकट जिभेने किडा टिपतो. घोरपड मात्र भक्ष्य जबड्यात धरून, मान झटकून गिळते आणि जीभ म्यानात घातल्यासारखी आत ओढून घेते. बांधावर थबकून ती जीभ बाहेर काढते तेव्हा दोन टोकांवर दोन बाजूंचे गंधकण येतात, ते टाळूतल्या, गंध ओळखणाऱ्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोहोचतात, आणि ज्या बाजूस गंध अधिक तिकडे ती वळते.

चरबीसाठी मारल्या जाणाऱ्या या घोरपडीचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश असून तिच्या शिकारीस सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.