संवाद सहायक ते सरपंच



मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो. ग्रामपंचायतीत आजवरच्या सरपंचांच्या नावांची पाटी आहे. नातीने एका नावावर बोट ठेवून विचारले, "आजोबा, या बाई आधी काय करायच्या?" मी म्हणालो, "लोकांच्या घराच्या भिंती तपासायच्या." ती हसली. तेव्हा मीही हसलो होतो, म्हणून हे लिहितो आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. किल्लारी, सास्तूर ही नावे जगाला कळली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली.

पण ज्या गावांत घरे पडली नाहीत, नुसती तडकली, त्यांच्याबद्दल फारसे कुणी लिहिले नाही. अशी सुमारे १३०० गावे आणि दोन लाखांच्या आसपास घरे होती. सरकारी मदतीचे हप्ते घेऊन मालकानेच घर दुरुस्त करायचे, अशी योजना जागतिक बँकेच्या कर्जातून आखली गेली. आता हे गावोगाव समजावणार कोण? ते काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आले. त्यांनी गावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या. त्यांना नाव मिळाले 'संवाद सहायक'.

आमच्या गावची ताई चार बुके शिकलेली. एके दिवशी ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "गुरुजी, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड बसवा, नाहीतर भिंतीचे दोन पदर सुटतील. माळवदावरची मातीबी कमी करा." मी म्हणालो, "बाई, तुला यातलं काय कळतं?" ती रागावली नाही. कोपऱ्यातला भिंतीला आलेला फुगवटा तिने हाताने दाखवला. आयुष्यभर मुलांना शिकवणारा मी गप्प बसलो. दुरुस्ती तिच्या सांगण्याप्रमाणेच झाली.

याच सुमारास, एप्रिल १९९३ पासून, ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली होती. पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांसाठी आल्या. कितीतरी ठिकाणी बाई नावाला आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण हप्ता का अडला म्हणून तहसीलच्या पायऱ्या चढलेल्या, इंजिनिअरशी हुज्जत घातलेल्या बायका वेगळ्या होत्या. त्यातल्या काही पुढे निवडून आल्या. आमची ताई त्यातलीच. योजना संपली, पण तिची प्रश्न विचारण्याची सवय संपली नाही. घरे झाली, मग तिने पाण्याचे विचारले, रेशनचे विचारले, शाळेचे विचारले. शाळेचे विचारले तेव्हा समोर मीच होतो!

२०११ साली महाराष्ट्राने पंचायतीतले महिला आरक्षण निम्म्यावर नेले. चांगलेच झाले. पण मला वाटते, कायद्याने खुर्ची मिळते, त्या खुर्चीवरून बोलण्याचे बळ आधी केलेल्या कामातून येते. समाजकार्यातून राजकारणात जाणे म्हणजे घसरण, असे आमच्या पिढीला वाटे. ताईकडे पाहून माझे ते मत बदलले.

नातीला हे सगळे सांगितले. तिने विचारले, "मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?"

नव्हतो म्हणालो. परत निघण्याआधी ताईच्या घरी जाऊन आलो. चहा झाला. असो.