मँचेस्टर कॉलेजातले विठ्ठल रामजी

विठ्ठल रामजी शिंदे म्हटलं की शाळेच्या पुस्तकात अस्पृश्यतानिवारणाचं काम येतं. त्याआधी ते ऑक्सफर्डला धर्म शिकायला गेले होते, ही हकिगत एका ओळीत उरकली जाते. माझं माहेर शिंद्यांच्याच जमखंडीचं, आणि नोकरीही इतिहास शिकवण्याची. त्यामुळे ती एक ओळ मला फार तोकडी वाटत आली आहे.

शिंदे वारकरी घरातले. वडील रामजीबाबा विठ्ठलभक्त. जमखंडीसारख्या छोट्या संस्थानातून फर्ग्युसनला येऊन शिंदे १८९८ साली बी.ए. झाले, वकिलीच्या वाटेला लागले आणि मग प्रार्थना समाजात रमून ती वाट त्यांनी सोडून दिली. इंग्लंडमधले युनिटेरियन पंथाचे लोक ब्राह्मो आणि प्रार्थना समाजातल्या तरुणांना शिष्यवृत्ती देत. ती शिंद्यांना मिळाली, प्रवासखर्चाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा हात लागला आणि १९०१ साली ते बोटीत चढले. मराठा कुटुंबातला, घरी बायकोमुलं असलेला हा तरुण बॅरिस्टर किंवा आय.सी.एस. व्हायला निघाला नव्हता. धर्म हा विषय शिकायला तो साता समुद्रापार गेला, याचं मला आजही नवल वाटतं.

ज्या मँचेस्टर कॉलेजात ते गेले, त्याचा जन्मच बहिष्कारातून झाला होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज शतकानुशतकं सरकारी चर्चच्या अनुयायांसाठी राखीव होती. बाकीच्या पंथांच्या मुलांनी शिकायचं कुठे? म्हणून १७८६ साली मँचेस्टरला ही संस्था निघाली. नंतर तिने अनेकदा गाव बदललं. १८७१ च्या कायद्याने विद्यापीठांतली धर्माची अट गेली आणि १८८९ साली कॉलेज ऑक्सफर्डला येऊन स्थिरावलं, नाव मात्र मँचेस्टरचंच राहिलं. हे कॉलेज चालवणारे युनिटेरियन म्हणजे येशूला थोर गुरू मानणारे पण ख्रिस्ती त्रैक्याचं तत्त्व न मानणारे. ते त्रैक्य नाकारणं इंग्लंडात १८१३ पर्यंत कायद्याने गुन्हा होता. ज्यांना स्वतःच्या श्रद्धेपायी दाराबाहेर उभं राहावं लागलं, त्यांनीच सगळ्या धर्मांना वर्गात जागा दिली.

शिंद्यांच्या वेळी जेम्स ड्रमंड प्राचार्य होते. तौलनिक धर्मशास्त्र शिकवायला जे. एस्टलिन कार्पेंटर. या कार्पेंटर घराण्याशी आपला संबंध जुना आहे. राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टलला वारले, तेव्हा त्यांच्यासाठी प्रवचन करणारे लँट कार्पेंटर हे एस्टलिनचे आजोबा. लँटची मुलगी मेरी कार्पेंटर पुढे चारदा हिंदुस्थानात आली आणि इथल्या स्त्रीशिक्षणासाठी झटली. एस्टलिन स्वतः पालीचे जाणकार होते. पालीचेच अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांच्याबरोबर ते दीघनिकाय या बौद्ध ग्रंथाची संपादित आवृत्ती काढत होते. तिचा दुसरा खंड १९०३ साली निघाला, म्हणजे शिंद्यांचा तिथला मुक्काम संपला त्याच वर्षी. एका हाताने बायबलची चिकित्सा आणि दुसऱ्या हाताने बुद्धवचनांचे पाठभेद तपासणारा हा शिक्षक. दोन्हींना कसोटी एकच: मूळ भाषा, हस्तलिखितं, काळ.

अशा माणसापुढे दोन वर्षं बसून शिंदे धर्मग्रंथ वाचायला शिकले. ख्रिस्ती धर्म त्यांनी मन लावून अभ्यासला. ख्रिस्ती व्हा, असा आग्रह तिथे नव्हता आणि ते झालेही नाहीत. मिशनरी शाळांच्या धाकाने आपल्याकडे ‘बायबल शिकणं’ आणि ‘बाटणं’ हे दोन शब्द जवळजवळ एक झाले होते. त्या काळात धर्मांतराचा आग्रह नसलेला असा अभ्यास फार मोलाचा होता. युनिटेरियन मंडळींचं गरिबांच्या वस्त्यांतलं कामही त्यांनी पाहिलं. सप्टेंबर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला उदारमतवादी धर्मपरिषद भरली, तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि मग ते मायदेशी परतले.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे: मुंबई प्रार्थना समाजाचं प्रचारकपद, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला अस्पृश्य मुलांसाठी निघालेली शाळा, जिथून डिप्रेस्ड क्लासेस मिशनचं काम सुरू झालं. ऑक्सफर्डशिवाय हे घडलंच नसतं, असं मी म्हणणार नाही. पण धर्माच्या नावाने माणसाला दूर ठेवलं जातं, हे धर्म न टाकता, त्याच्याच भाषेत ठणकावून सांगायचं बळ त्या अभ्यासाने वाढवलं, याबद्दल मला शंका नाही.

असा अभ्यास कशाला, हा प्रश्न आजही येतो. माझ्या वर्गात एका मुलाने विचारलं होतं, “मॅडम, आपण कुराण-बायबल कशाला वाचायचं?” प्रश्न प्रामाणिक होता. आपण आपल्या मुलांना दुसऱ्याचा धर्म भांडणातून कळू देतो, कधी सणाच्या फराळातून. अभ्यासातून फार क्वचित. म्हणून विद्यापीठांना माझी विनंती आहे: पदवीच्या पहिल्या वर्षाला, शाखा कुठलीही असो, जगातल्या धर्मांच्या इतिहासाचा एक पेपर ठेवा. आणि तो शिकवायला प्रवचनकार नेमू नका. मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचणारा शिक्षक नेमा.