भोजनोत्तर कृतज्ञता : मुस्लिम बांधवांची दुआ

रायगडच्या किनाऱ्यावर मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत कोकणी मुस्लिम समाज पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करीत आहे. ईद, विवाह किंवा रमजानमधील इफ्तारच्या निमित्ताने शेजारधर्म म्हणून आपणांपैकी अनेकांना त्यांच्या घरी भोजनाचा योग येतो. जेवण आटोपल्यावर यजमान व पाहुणे क्षणभर जी प्रार्थना म्हणतात, तिचा अर्थ ठाऊक असावा, या हेतूने ही माहिती देत आहोत.

ही प्रार्थना म्हणजे नमाज नव्हे. नमाजाच्या वेळा व विधी ठरलेले आहेत. दुआ ही परमेश्वराला घातलेली साद आहे. भोजनाचा आरंभ ‘बिस्मिल्लाह’ म्हणून, म्हणजे अल्लाहच्या नावाने करावा आणि शेवटी ‘अल्हम्दुलिल्लाह’, म्हणजे सर्व स्तुती अल्लाहची, असे म्हणावे, ही हजरत मुहंमद पैगंबरांची शिकवण आहे. नवव्या शतकातील अबू दाऊद व तिर्मिझी यांच्या हदीससंग्रहांत भोजनोत्तर दुआ आढळतात. त्यांपैकी सर्वपरिचित दुआमध्ये अन्न व पाणी दिल्याबद्दल आणि ईश्वराला शरण जाणाऱ्यांत आपली गणना केल्याबद्दल त्याची स्तुती केली जाते. ही दुआ सुन्नत आहे, फर्ज नव्हे. ती मुखोद्गत नसेल, तर केवळ ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हटले तरी चालते.

बुखारी यांच्या संग्रहात दस्तरखान उचलतानाची एक दुआ आहे. तिचा आशय विशेष चिंतनीय आहे : जेवण संपले, तरी देवाची गरज संपत नाही. भुकेल्याला देव सहज आठवतो. तृप्त मनुष्याला त्याचा विसर पडतो. म्हणूनच पोट भरल्यानंतरच्या प्रार्थनेला महत्त्व आहे. पाहुण्यासाठी आणखी एक दुआ आहे. ज्याने मला जेवू घातले, त्याला तू जेवू घाल, अशी विनवणी तीत असते.

हीच जाणीव याच किनाऱ्यावरील इतर उपासकांतही आढळते. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे किनाऱ्याला लागले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. यहुदी लोक जेवणानंतर ‘बिरकत हमाझोन’ म्हणतात. खाऊन तृप्त झाल्यावर परमेश्वराचा धन्यवाद करण्याची आज्ञा अनुवाद ८:१० मध्ये आहे. तोच ग्रंथ आपल्या पवित्र शास्त्राचाही भाग आहे. कोर्लईसारख्या गावांतील ख्रिस्ती कुटुंबांनाही भोजनापूर्वीची व नंतरची प्रार्थना परकी नाही. श्रद्धेतील भेद कायम आहेत. तथापि अन्न हे देणगी आहे, या विषयी तिन्ही परंपरांचे एकमत आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा जमीनदोस्त केल्या. पिढ्यांची मेहनत एका दिवसात नाहीशी झाली. अशा वेळी ताटातील भाकरीबद्दल उच्चारलेला ‘अल्हम्दुलिल्लाह’ हा केवळ सुबत्तेचा शिष्टाचार राहत नाही.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रातून मुस्लिम बांधवांविषयी आदर व्यक्त केला. त्या आदराचे आचरण अगदी साधे आहे. यजमान दुआ म्हणत असताना घाईने उठू नये, शांत बसावे आणि आपल्या अंतःकरणात त्यांच्या घरासाठी आशीर्वाद मागावा.