नायगांवच्या चाळी व गव्हर्नर लॉइड यांचें दप्तर

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड (1918 ते 1923) यांच्या कारकीर्दीचा विचार बहुधा बॅकबेच्या भरणीवरून केला जातो. परंतु त्यांच्याच अमदानींत, 1920 सालीं, निघालेल्या डेव्हलपमेंट खात्यानें कामगारांसाठीं चाळी उठविल्या. त्यांपैकीं 42 नायगांवांतील. या चाळींचे कागद आमच्या मतें अधिक बारकाईनें वाचावयास हवेत.

या दप्तरांतील हुकूम 'गव्हर्नर-इन-कौन्सिल' या नांवानें सुटतो व ठरावाखालीं सही सेक्रेटरीची असते. मग त्यांत गव्हर्नराचा स्वतःचा हात किती? पेशवाईचे कागद चाळणाऱ्यांस हा पेंच नवा नाहीं. पेशव्यांच्या शिक्क्यांत छत्रपतींचें नांव असे, म्हणून प्रत्येक हुकूम साताऱ्याहून सुटला असें कोणी म्हणत नाहीं. येथेंही ठरावाच्या जोडीस खाजगी पत्रव्यवहार पाहणें अवश्य आहे. आणि अडचण अशी, कीं ठराव मुंबईच्या सरकारी दप्तरखान्यांत, तर लॉइड यांचे खाजगी कागद केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजांत!

हुकूम व अंमल यांतील अंतरही ध्यानांत ठेवावें. संकल्प 50,000 खोल्यांचा होता. त्यासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीस एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षांत नायगांव, वरळी, शिवडी व डिलाइल रोड (आतांचा ना. म. जोशी मार्ग) मिळून 207 चाळी झाल्या. दर चाळीस सुमारें 80 खोल्या धरतां बेरीज साडेसोळा हजारांच्या घरांत जाते, म्हणजे संकल्पाचा जेमतेम तिसरा हिस्सा. त्यांतही प्रारंभीं पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. काँक्रीटच्या भिंती, अपुरा उजेड व भाडें कामगारांस मानवलें नाहीं. केवळ पहिला ठराव वाचणारा इतिहासकार 50,000 खोल्या बांधून मोकळा होईल!

आमचें मुख्य सांगणें संग्राहकांस आहे. 2017 सालीं या चाळींच्या पुनर्विकासाचें भूमिपूजन झालें व पुढें नायगांवांतही जुन्या इमारती पाडण्यास आरंभ झाला. सरकारी दप्तर कोठें तरी राहील. परंतु जुन्या भाडेपावत्या, खोली नांवावर झाल्याचे कागद, नोटिसा हें सर्व भाडेकऱ्यांच्या ट्रंकांत असावयाचें. गव्हर्नराचा हुकूम उंबऱ्यापर्यंत कोणत्या रूपानें पोंचला, तें यांवरूनच कळेल. मोडी सनद दिसली तर आपण वाटेल तें मोल देतों. छापील पावती मात्र रद्दींत जाते. अस्सल कागद घरवाल्यांस हक्काच्या पुराव्यासाठीं लागतो, तो मागूं नये. नक्कल किंवा छायाचित्र घ्यावें, आणि त्यावर चाळीचा व खोलीचा आंकडा, साल व कचेरीचें नांव तेथल्या तेथें टिपून ठेवावें.