टीव्ही, लॅपटॉप फुटला तर होम इन्शुरन्समधून क्लेम कसा करायचा?

घरातला टीव्ही भिंतीवरून निसटला, लॅपटॉपवर चहा सांडला, फोन हातातून पडून स्क्रीन गेली. घराचा विमा आहे, म्हणजे पैसे मिळतीलच असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तसं नसतं. कधी मिळतात आणि क्लेम कसा करायचा, ते पाहूया.

साध्या पॉलिसीत काय असतं?

भारतात १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची स्टँडर्ड पॉलिसी आली. यात घराबरोबर घरातल्या वस्तूही येतात. भाड्याने राहत असाल तर फक्त वस्तूंचा विमाही घेता येतो. पण ही पॉलिसी मुख्यतः आग, पूर, वादळ, भूकंप अशा घटनांसाठी आहे.

म्हणजे पुराच्या पाण्यात लॅपटॉप गेला तर क्लेम होतो, पण तोच लॅपटॉप तुमच्या हातून पडला तर होत नाही. शॉर्टसर्किट किंवा जास्त व्होल्टेजमुळे टीव्ही जळाला, तर त्या टीव्हीचे पैसे मिळत नाहीत. मात्र त्यातून आग लागून बाकीचं सामान जळालं, तर त्या सामानाचा क्लेम करता येतो.

मग अपघाती नुकसानाचं काय?

त्यासाठी वेगळं ॲड-ऑन किंवा 'ऑल रिस्क' प्रकारचं कव्हर लागतं. ते घेताना तीन गोष्टी वाचा:

- पोर्टेबल वस्तू (फोन, लॅपटॉप) धरल्या आहेत का?
- कव्हर फक्त घरातच आहे की बाहेरही?
- वस्तूची वेगळी नोंद, म्हणजे मॉडेल आणि सिरियल नंबर द्यायचा आहे का?

क्लेमच्या स्टेप्स

१. वस्तू बंद करा. पाणी गेलं असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका.
२. फोटो आणि व्हिडिओ काढा. सिरियल नंबरचं स्टिकरही त्यात येऊ द्या. फोनचा आयएमईआय *#०६# डायल केल्यावर दिसतो. फोन बंदच पडला असेल तर बॉक्सवर किंवा बिलावर बघा.
३. कंपनीला लगेच कळवा आणि क्लेम नंबर लिहून ठेवा. किती दिवसांत कळवायचं ते पॉलिसीत दिलेलं असतं.
४. बिल शोधा. ऑनलाइन घेतलं असेल तर शॉपिंग ॲपच्या जुन्या ऑर्डर्समध्ये सापडेल.
५. सर्व्हिस सेंटरकडून दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट घ्या. कंपनीने हो म्हणेपर्यंत दुरुस्ती करू नका आणि फुटलेला भाग फेकू नका. सर्व्हेअर तो मागू शकतो.
६. जे झालं तेच लिहा. 'पडला' आणि 'आपोआप बंद पडला' यात खूप फरक आहे. खोटी माहिती सापडली तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

दुरुस्तीला देण्याआधी शक्य असेल तर बॅकअप घ्या. विमा वस्तूचा असतो, तुमच्या फोटोंचा नाही.

हातात किती येतात?

समजा टीव्हीचं पॅनेल १५,००० रुपये आणि मजुरी ३,००० रुपये. पॅनेलवर २० टक्के घसारा धरला तर ३,००० गेले. 'एक्सेस', म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायचा वाटा, १,००० धरूया. तर १८,००० पैकी हातात येतात १४,०००. हे फक्त उदाहरण आहे, तुमच्या पॉलिसीचे आकडे वेगळे असतील. नुकसान एक्सेसपेक्षा थोडंसंच जास्त असेल तर क्लेमची धावपळ परवडत नाही.

क्लेम नाकारला तर?

कारण लेखी मागा आणि पॉलिसीतलं नेमकं कलम विचारा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. तिथे काम झालं नाही तर 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करता येते. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आजच एक काम करा: घरातल्या महागड्या वस्तूंची बिलं आणि सिरियल नंबरचे फोटो ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा. फोन फुटल्यावर फोनमधलं बिल उघडत नाही!