द्राक्षमळ्याचे सातवे वर्ष

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात शेतीविषयी एक नियम आहे. सहा वर्षे जमीन पेरावी, सातव्या वर्षी ती पडीक ठेवावी. तीत आपसूक उगवेल ते गरिबांनी खावे आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातील प्राण्यांनी. द्राक्षमळ्यालाही हाच नियम लागू, असे तेथे वेगळे सांगितले आहे. यातील गरिबांवरची प्रवचने मी पुष्कळ ऐकली. रानातील प्राण्यांवरचे एकही ऐकल्याचे स्मरत नाही.

आपण देवळात ज्याला द्राक्षमळा म्हणतो, त्याला आपला शेतकरी द्राक्षबाग म्हणतो. फरक केवळ शब्दाचा नाही. युरोपातील वेलीला हिवाळा असतो. पाने गळतात आणि ती कित्येक महिने निद्रिस्त राहते. महाराष्ट्रात तेवढी थंडीच नसल्याने वेल वर्षभर हिरवी राहते आणि तिला कात्रीनेच वेळापत्रक लावून द्यावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून फळधारणेसाठी काडी तयार करायची. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून फळ धरायचे. काढणीनंतर खरड छाटणीपूर्वी बागेला थोडा अवकाश मिळतो. शेतकरी त्याला 'विश्रांती'च म्हणतो. पण ती आठवड्यांत मोजायची असते.

त्यात पावसाची भर. मुळशी तालुक्यातील चांदे गावापासून पश्चिमेस घाटमाथ्याकडे जावे तसा पाऊस वाढत जातो, पूर्वेस पुण्यापलीकडे तो उणावतो. म्हणूनच मुळशी भाताची राहिली आणि द्राक्षाने नारायणगाव, दिंडोरी, निफाड, तासगाव, सोलापूर असा पर्जन्यछायेचा पट्टा धरला. तरीही जून ते ऑक्टोबर वेल पानांनी भरलेली असते आणि पानांवर पाणी साचले की केवडा येतो.

हा केवडा मूळचा अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आधी तेथूनच फायलोक्सेरा नावाची मुळांवरील कीड आली आणि 1860नंतर तिने मळेच्या मळे वाळवले. त्यावर उपाय सापडला तो अमेरिकेच्याच रानवेलींत. त्यांच्या मुळांना ही कीड सोसत असे. म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच वेलींची कलमे बांधण्यात आली. पाठोपाठ केवडा आला. बोर्डो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडण्याची रीत होती. त्याच वेली निरोगी राहतात, हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानी आले आणि 1885 साली त्याने ते मिश्रण प्रसिद्ध केले. आज तासगावच्या बागेतही 'बोर्डो' हा घरातलाच शब्द झाला आहे. मात्र फवारलेले तांबे मातीतून जात नाही. ते साठत राहते आणि गांडुळांना बाधते. रासायनिक औषधे वर्ज्य मानणाऱ्या युरोपीय मळेवाल्यांनाही तांबे सोडता आलेले नाही. तेथे 2019पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलो अशी मर्यादा घालावी लागली.

रानवेलीचा धडा आपल्याकडे उशिरा आला. गेल्या शतकाच्या अखेरीस पाण्याची टंचाई आणि क्षारपड जमीन यांनी बागा खचू लागल्या, तेव्हा 'डॉगरिज' हा अमेरिकन वंशाचाच खुंट आधाराला आला. वरची कलमे मात्र बहुतांशी एकाच वंशाची. थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात. तिची वाढ काडीवरून होते, म्हणजे सबंध बाग ही एका अर्थी एकच वेल. त्या एकसारखेपणात जो वेगळेपणा आला तो शेतकऱ्याच्या नजरेमुळे. तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी एक निराळी फांदी हेरली, तिची 'तास-ए-गणेश' झाली. सोलापूरकडील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' निवडली.

याच तासगावच्या बागायतदारांत श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे अध्यापक वावरले. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त अनुदान नव्हते, कार्यालयीन थाट नव्हता. शेतकऱ्यांनी आपल्या बागेत प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि ती एकमेकांना कळवावी, एवढेच. एका घडामागे किती पाने, पानावर किती ऊन, पांढऱ्या मुळ्यांभोवती माती कशी, हे प्रश्न त्यांनी शेतकऱ्याच्या तोंडी बसवले. काडीकचरा जाळू नये, तो मातीचेच देणे आहे, हा त्यांचा आग्रह असे. 2001 साली ते गेले. मातीचे पुनरुज्जीवन करणाऱ्या शेतीचे इंग्रजी नाव आज सर्वतोमुखी आहे. दाभोलकरांचे नाव तितके नाही, याचा मला विषाद वाटतो.

त्यांचे म्हणणे बाजाराला पटायला परदेशी प्रयोगशाळा लागल्या. 2003 साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपच्या बंदरांत माल अडकला आणि कित्येक बागायतदार कर्जात बुडाले. खाण्याच्या द्राक्षाला मोठा, डागरहित मणी लागतो, आणि त्यासाठी जिब्रेलिक आम्लापासून सगळे सोपस्कार आले. वाइनचे द्राक्ष या बाबतीत भाग्यवान. त्याचा मणी लहान चालतो, उत्पन्न बेताचे ठेवणेच हिताचे असते. म्हणून ओळींमध्ये गवत वाढू देण्याचे धैर्य वाइनच्या मळ्याला अधिक परवडते.

आता खाण्याच्या द्राक्षाच्या बागांतूनही ओळींमध्ये ताग व धैंचा पेरून गाडतात, उसाचे पाचट अंथरतात, छाटलेल्या काड्यांचा भुगा करून वेलीखालीच टाकतात. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यात दुसरे बी पेरण्यास मनाई आहे. तागापुरती सूट शास्त्री मंडळींनी द्यावी. फळ थांबवून वेलीला वर्षभराची विश्रांती देणे कर्जाच्या हप्त्यांत बसत नाही. माती झाकून तिला पोसणे बसते.

आणि रानातील प्राणी? पिठ्या ढेकणावर क्रिप्टोलिमस नावाचा छोटा भुंगेरा सोडतात. मूळचा तो ऑस्ट्रेलियाचा. 1898 साली कॉफीच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानात आणला गेला. खोडाच्या सालीखाली दडलेल्या किडीपर्यंत औषध पोहोचत नाही, तेथे त्याची पांढरी, केसाळ अळी पोहोचते. नवखा मजूर तिलाच पिठ्या ढेकूण समजून चिरडतो. आणि भुंगेरे सोडल्यावर शेजारच्या बागेतून तीव्र कीटकनाशकाचा फवारा वाऱ्याबरोबर आला, तर ते पुन्हा विकत आणावे लागतात.